सीए-१२५ मधला ३५ आला कुठून

रिपोर्टवर 'सीए' दिसलं की धस्स होतं, कारण हॉस्पिटलच्या फायलीत 'सीए ब्रेस्ट', 'सीए ओव्हरी' लिहितात तिथे सीए म्हणजे थेट कार्सिनोमा, कॅन्सरच. सीए-१२५ मधला सीए तो नाही, ते रक्तातल्या एका प्रोटीनचं नाव आहे, ओव्हरीच्या (अंडाशयाच्या) कॅन्सरमध्ये बरेचदा वाढणाऱ्या, निदान नव्हे. निम्मा घोळ इथेच होतो.

ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण देणारा पदार्थ, ही कल्पना तशी जुनी, लघवीतल्या प्रोटीनवरून मायलोमा (बोनमॅरोचा कॅन्सर) ओळखणं १८४० च्या दशकातलं, मग १९६० च्या दशकात एएफपी, सीईए असे रक्तातले मार्कर आले. ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशींना चिकटणारी अँटीबॉडी १९८१ मधली, ती ज्याला चिकटते तेच सीए-१२५. दोन वर्षांनी ८८८ निरोगी लोकांचं रक्त तपासलं तर जेमतेम १ टक्का ३५ च्या वर निघाले, म्हणून नॉर्मलची रेघ ३५ वर ओढली, बस. पण पाळी, गरोदरपण, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं), लिव्हरचा सिरोसिस सगळ्यात आकडा चढतो. आपल्याकडे तर पोटाचा टीबी, पोटात पाणी आणि आकडा पाचशेच्या घरात, हुबेहूब कॅन्सर वाटतो, बायोप्सी केल्याशिवाय कळत नाही.

खरी भांडणं ओव्हरीच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपल्यानंतरच्या फॉलोअपवरून. दर तीन महिन्यांनी टेस्ट करा, आकडा वाढला की त्रास व्हायच्या आधीच केमो, ऐकायला एकदम बरोबर वाटतं ना? २०१० मध्ये एका ट्रायलचा निकाल आला. आकडा नॉर्मल मर्यादेच्या दुपटीच्या वर गेलेल्या ५२९ बायका, अर्ध्यांना लगेच केमो, बाकीच्यांना आकडा सांगितलाच नाही, त्रास सुरू झाल्यावरच औषध. पहिल्या गटाला केमो जवळपास पाच महिने आधी मिळाली, आयुष्य मात्र दोन्हीकडे सारखंच, उलट आधी केमो घेतलेल्यांचे बरे दिवस लवकर संपले. यावर काही डॉक्टर म्हणतात की तेव्हा आजची औषधं नव्हती आणि परत आलेली गाठ लवकर दिसली तर ऑपरेशन जमू शकतं, तेही खोटं नाही. पण मला वाटतं टेस्ट करायची की नाही हे निदान पेशंटला विचारायला तरी हवं, इथे फॉर्म आधीच भरलेला असतो आणि रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप तिची उडते.

धडधाकट बायकांमध्ये या टेस्टने कॅन्सर शोधून काढायचा प्रयत्नही झाला, ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर, २०२१ चा निकाल असा की मृत्यू कमी झाले नाहीत. तरी आपल्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये ही टेस्ट असतेच. आणि करायचीच असेल तर दरवेळी एकाच लॅबमध्ये करा, किट बदललं की आकडाही बदलतो.