डायल-अप बुलेटिन बोर्डांच्या जुन्या फाइलयाद्यांचे रूपांतर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ज्या ग्राहकांकडे १९८० आणि १९९० च्या दशकांतील बुलेटिन बोर्डांच्या (म्हणजे फोन आणि मॉडेमवरून जोडून फाइली चढवता-उतरवता येत अशा संगणकांच्या) फाइलयाद्या फ्लॉपी, सीडी किंवा जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत आणि ज्यांना त्या आज चालणाऱ्या बोर्ड-प्रणालीत, तक्त्यात किंवा शोध घेता येईल अशा संग्रहात आणायच्या आहेत, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक आहे. काम सोपवण्यापूर्वी ते एकदा सावकाश वाचावे, ही विनंती. कारण रूपांतर करताना काही निर्णय असे येतात, की ते तुमच्या वतीने परस्पर घेणे आम्हांला योग्य वाटत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. यादीतील फाइलीचे नाव, आकार आणि तारीख या तिन्ही गोष्टी मूळ फाइल हाताशी असेल तर केव्हाही पुन्हा काढता येतात. वर्णन मात्र काढता येत नाही. बोर्ड चालवणाऱ्या सिसॉपने किंवा फाइल चढवणाऱ्या सभासदाने ते स्वतः टंकलेले असते. त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते, आणि आठ अक्षरी नावावरून आत काय आहे याचा अंदाज आज कोणालाही बांधता येत नाही. म्हणून आमचे सगळे काम वर्णन जपण्याभोवती फिरते आणि बाकीच्या रकान्यांना आम्ही दुय्यम मानतो.

याद्या इतक्या निरनिराळ्या का?

पहिला बुलेटिन बोर्ड वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी शिकागो येथे १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सुरू केला. पुढे आयबीएम पीसी घरोघरी पोहोचल्यावर अमेरिकेत आणि युरोपात बोर्ड चालवण्याची डझनावारी सॉफ्टवेअरे निघाली, आणि प्रत्येकाने यादी ठेवण्याची आपापली पद्धत ठरवली. फोनवरून जोडलेल्या माणसाला यादी वाचून दाखवणे एवढेच त्या यादीचे काम होते. सेकंदाला २४०० बिट वेगाच्या मॉडेमवर सेकंदाला साधारण २४० अक्षरे येत; म्हणजे तीन हजार फाइलींची, दर ओळीला ८० अक्षरे असलेली यादी नुसती पडद्यावरून सरकायला सुमारे १७ मिनिटे लागत. त्यामुळे संपूर्ण यादी एका झिप फाइलीत बांधून ठेवण्याची आणि सभासदाने ती उतरवून घेऊन फोन ठेवल्यावर निवांत वाचण्याची प्रथा सर्वत्र पडली. आपल्याकडेही मुंबईत लाइव्ह वायरसारखे बोर्ड होते, आणि परगावाहून एसटीडीने जोडणाऱ्याला तर फोन चालू ठेवून यादी वाचणे परवडणारे नव्हतेच. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले आणि ही दुनिया हळूहळू ओसरली; मागे राहिल्या त्या याद्या.

आमच्याकडे सर्वाधिक येते ती फाइल्स.बीबीएस या नावाची साधी मजकूर-फाइल. ओळीच्या आरंभी फाइलीचे नाव, मग मोकळी जागा, मग वर्णन, एवढाच तिचा नियम. आकार आणि तारीख तिच्यात नसतातच. बोर्डाचे सॉफ्टवेअर ती डिस्कवरून वाचून दाखवत असे. ओपस, क्विकबीबीएस, मॅक्सिमस, रिमोटॲक्सेसच्या सुरुवातीच्या आवृत्त्या अशा अनेकांनी ही पद्धत वापरली, पण नियम ढिला असल्यामुळे प्रत्येकाने त्यात स्वतःची भर घातली. वर्णन दुसऱ्या ओळीवर न्यायचे असेल तर कोणी अधिक चिन्ह, कोणी उभी रेघ, तर कोणी नुसती मोकळी जागा सोडतो. काही बोर्ड वर्णनाच्या आधी चौकटी कंसात ती फाइल किती वेळा उतरवली गेली याचा आकडा ठेवतात, आणि तो आकडा वर्णनाचा भाग समजला गेला तर नव्या यादीत प्रत्येक फाइलीची ओळख शून्य-शून्यने सुरू होते.

या यादीत आणखी एक गोष्ट दडलेली असते ती म्हणजे मथळे. मोकळ्या जागेने किंवा रेघेने सुरू होणारी ओळ ही फाइलीची नोंद नसून ‘येथून पुढे खेळ’, ‘येथून पुढे मॉडेमची साधने’ अशी पाटी असते. आम्ही या धंद्यात नवीन असताना एका ग्राहकाची यादी नावांच्या अकारविल्हे लावून दिली आणि त्या भरात सगळ्या पाट्या तळाशी जाऊन साचल्या. कोणती फाइल कोणत्या पाटीखालची हे मग मूळ प्रतीवरूनच पुन्हा लावावे लागले. तेव्हापासून लेखी मागणीशिवाय आम्ही कोणत्याही यादीचा क्रम बदलत नाही, आणि प्रत्येक नोंदीसोबत तिचा मूळ ओळक्रमांक व तिच्यावरची पाटी वेगळ्या रकान्यांत ठेवतो.

स्थानांवर चालणाऱ्या याद्या

पीसीबोर्ड या बोर्ड-सॉफ्टवेअरची यादी याच्या उलट शिस्तीची. नाव १ ते १२ या स्थानांत, आकार उजवीकडे टेकवून २१ व्या स्थानापर्यंत, तारीख २४ ते ३१ मध्ये आणि वर्णन ३४ व्या स्थानापासून. वर्णन पुढच्या ओळीवर गेले तर ३२ व्या स्थानी उभी रेघ. आरबीबीएस-पीसीची यादी दिसायला हिच्यासारखीच, पण तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन अक्षरांचा विभागसंकेत असतो आणि सर्व ओळी नेमक्या एकाच लांबीच्या असाव्या लागतात. अशी यादी एखाद्या मजकूर-संपादक सॉफ्टवेअरमध्ये उघडून ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटल्या गेल्या, किंवा मोकळ्या जागांचे टॅब झाले, की डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही आणि यंत्राच्या दृष्टीने मात्र सगळे रकाने सरकलेले असतात. म्हणूनच पाठवण्यापूर्वी यादी वर्डप्रोसेसरमध्ये उघडून ‘नीटनेटकी’ करू नये, असे आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

तारखांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. या याद्यांत वर्ष दोनच आकडी असते. डॉस या त्या काळच्या पीसीवरील कार्यप्रणालीच्या फाइल-पद्धतीत तारीख १९८० च्या आधीची असूच शकत नाही, त्यामुळे ८० ते ९९ हे विसाव्या शतकातील आणि ००पासून पुढचे एकविसाव्या शतकातील, असे आम्ही धरतो आणि यात सहसा चूक होत नाही. खरी अडचण दिवस आणि महिना यांची आहे. अमेरिकन बोर्ड महिना आधी लिहीत, युरोपातील आणि आपल्याकडील कित्येक जण दिवस आधी. ०३-०४-९४ ही तीन एप्रिल की चार मार्च, हे त्या एका ओळीवरून कोणीही सांगू शकणार नाही. यादीत कुठेतरी पहिला आकडा १२ च्या वरचा सापडला की प्रश्न सुटतो. पण अनेक बोर्डांच्या याद्या जोडून एक केलेली असेल तर एका भागाचा पुरावा दुसऱ्या भागाला लागू पडत नाही. शिवाय ही तारीख फाइल तयार झाल्याची की बोर्डावर चढवल्याची, हेही बोर्डागणिक बदलते. जिथे खात्री करता येत नाही तिथे आम्ही तारखेचा रकाना मूळ रूपातच ठेवून शेजारी खूण करतो. अंदाजाने भरलेली तारीख रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, असे आमचे मत आहे, कारण पुढे ती अंदाजाची होती हे कोणाच्याही लक्षात राहत नाही.

वाइल्डकॅट, किंवा दुसऱ्या आवृत्तीपासूनचे रिमोटॲक्सेस, यांनी यादी डेटाबेसमध्ये ठेवली. ती मजकूर म्हणून वाचता येत नाही. शक्य असेल तिथे आम्ही मूळ सॉफ्टवेअर डॉसच्या अनुकारकात (आजच्या संगणकावर जुनी प्रणाली भासवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालवून त्याच्याकडूनच मजकुरी यादी काढून घेतो. त्यासाठी बोर्डाची संपूर्ण निर्देशिका लागते, एकटी डेटाबेस-फाइल पुरत नाही.

अक्षरांचा घोळ

अमेरिकन बोर्डांवरील मजकूर बहुतेक करून कोड पेज ४३७ मध्ये असतो. कोड पेज म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर हे ठरवणारा तक्ता. ४३७ मध्ये १७९ ते २१८ या क्रमांकांवर चौकटींच्या रेघा आहेत, आणि सिसॉप लोकांना चौकटींचा भारी सोस होता. पश्चिम युरोपात ८५०, नॉर्वे-डेन्मार्ककडे ८६५, रशियात ८६६ चालत असे. ८६६ मध्ये चौकटी ४३७ च्याच जागी राखलेल्या आहेत. त्यामुळे रशियन यादी ४३७ समजून उघडली तर चौकट सुबक दिसते आणि आतला मजकूर अगम्य होतो. चौकट बरोबर आली म्हणजे संकेत बरोबर ओळखला, असे समजू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

आपल्याकडच्या याद्यांत हाच प्रश्न वेगळ्या प्रकारे येऊ शकतो. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड लावलेल्या संगणकावर डॉसमध्ये देवनागरी लिहिता येत असे आणि तो मजकूर भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की संकेतात, म्हणजे १६१ च्या पुढच्या क्रमांकांवर, बसत असे. चौकटीच्या रेघा आणि मराठी अक्षरे तिथे एकाच जागेवर येतात. एखाद्या यादीत चौकटींच्या रेघांचे अर्थहीन पुंजके दिसत असतील, तर ती बिघडलेली आहे असे समजून टाकून देऊ नका. आम्हांला दाखवा, कारण ते कोणीतरी लिहिलेले मराठी वर्णन असण्याची शक्यता आहे.

रंगांच्या खुणाही असतातच. काही याद्यांत एस्केप अक्षराने सुरू होणारे अ‍ॅन्सी संकेत, तर पीसीबोर्डच्या याद्यांत ‘ॲट’ चिन्हापुढे एक्स आणि रंगाची दोन चिन्हे असतात. रूपांतरित यादीतून आम्ही त्या काढून टाकतो, पण मूळ प्रतीत राहू देतो. याखेरीज २६ क्रमांकाचे एक अदृश्य अक्षर आहे, ज्याचा डॉसमध्ये अर्थ ‘फाइल येथे संपली’ असा होतो. ते यादीच्या मध्येच येऊन बसले असेल तर कित्येक रूपांतरके तिथेच थांबतात, कोणतीही तक्रार न करता, आणि उरलेली यादी गेली हे कोणाला कळतही नाही. म्हणून रूपांतराच्या आधी आणि नंतर नोंदी मोजून दोन्ही आकडे आम्ही तुम्हांला लेखी कळवतो.

झिपमधील वर्णन की यादीतील?

यूटा राज्यातील क्लार्क डेव्हलपमेंट या पीसीबोर्डच्या निर्मात्यांनी फाइल_आयडी.डिझ नावाची छोटी वर्णन-फाइल झिपच्या आतच ठेवण्याची पद्धत आणली, आणि शेअरवेअर (आधी वापरून पाहावे, मग पैसे द्यावेत अशी सॉफ्टवेअरे) लिहिणाऱ्यांनी ती उचलून धरली. तिची मर्यादा दहा ओळींची, दर ओळीत ४५ अक्षरांची. ३४ व्या स्थानापासून ४५ अक्षरे मोजली की ७८ वे स्थान येते आणि ८० अक्षरांच्या पडद्यात ते बरोबर मावते. आजच्या सिंक्रोनेट किंवा मिस्टिकसारख्या प्रणाली ही फाइल आपोआप वाचतात, त्यामुळे ‘जुनी यादी कशाला, डिझ आहे ना’ असे ग्राहक आम्हांला विचारतात. आमचा सल्ला दोन्ही ठेवण्याचा आहे. डिझमध्ये लेखकाने केलेली जाहिरात असते. ‘३८६ (त्या काळचा एक प्रोसेसर) शिवाय चालत नाही’ किंवा ‘दुसरी डिस्क स्वतंत्र उतरवावी’ असे सिसॉपने अनुभवाने लिहिलेले असते ते यादीत.

लांब ओळी नव्या रुंदीत बसवताना मजकूर पुन्हा जुळवावा लागतो, आणि गद्य वर्णनाला त्याने काही होत नाही. पण चिन्हांनी काढलेले नाव किंवा चित्र असेल तर ते पार विस्कटते. दहा अक्षरांच्या ओळीत निम्म्याहून अधिक चिन्हे असतील तर ती ओळ न हलवण्याचा नियम आम्ही पाळतो. तो अचूक नाही, म्हणून संशयास्पद नोंदी वेगळ्या काढून हाताने तपासतो. तक्ता हवा असणाऱ्यांसाठी एक सूचना : बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारे वर्णन तक्ता-सॉफ्टवेअर सूत्र समजते, तेव्हा आम्ही दिलेली फाइल उघडताना सर्व रकाने ‘मजकूर’ म्हणून निवडावेत.

सीडीवरून आलेल्या याद्या

सीडी केवळ वाचता येते, म्हणून तिच्यावरची यादी दुरुस्त होत नाही. नव्या याद्या आम्ही वेगळ्या निर्देशिकेत देतो आणि प्रत्येक नोंदीत सीडीवरील मार्ग घालतो. यादी आणि फाइली जुळत नाहीत असे येथे वारंवार आढळते. आयएसओ ९६६० या सीडीवरील फाइल-रचनेच्या मानकाच्या पहिल्या पातळीत नावात मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच चालते, तर डॉसला आडवी रेघ किंवा डॉलरचे चिन्हही चालत असे. त्यामुळे काही सीडी कोरताना नावे बदलली गेली आणि याद्या तशाच राहिल्या. काही सिसॉप झिपच्या फाइली एआरजे या दुसऱ्या बांधणी-प्रकारात पुन्हा बांधत, तिथे नाव तेच आणि शेपूट निराळे. अशा जोड्या आम्ही सुचवतो, पण आपणहून लावत नाही. लिनक्सवर संग्रह ठेवणार असाल तर लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही तिथे मोजला जातो, हे आधी सांगावे.

काय पाठवावे

फ्लॉपी किंवा सीडीची संपूर्ण प्रतिमा-फाइल (चकतीवरील सर्व माहितीची जशीच्या तशी एका फाइलीतील प्रत) सर्वांत उत्तम. ती करता येत नसेल तर मूळ चकतीच आणून द्यावी. बोर्डाचे सॉफ्टवेअर कोणते होते, तो कोणत्या गावी चालत असे आणि यादी सुमारे कोणत्या वर्षाची आहे, हे आठवेल तेवढे कागदावर लिहून द्यावे; तारखा आणि कोड पेज ओळखायला त्याची फार मदत होते. प्रत्येक कामात पहिल्या २०० नोंदींचा नमुना आम्ही आधी दाखवतो आणि तुमची संमती मिळाल्यावरच पुढे जातो. काम पुरे झाल्यावर मूळ प्रत जशीच्या तशी, रूपांतरित यादी, आणि जुळू न शकलेल्या ओळींची तिसरी फाइल अशा तीन गोष्टी तुमच्या हाती येतात. या तिसऱ्या फाइलीतील ओळी तुम्ही स्वतः एकदा वाचाव्यात. एखादे नाव तुम्हांला आठवले तर महिनाभरात कळवा, तोवर तुमच्या कामाची प्रत आमच्याकडे ठेवलेली असते.