बौद्ध मूर्तिकला व चित्रकलेतील प्रतीके (मुंबई परिसर)

स्तूप, बुद्धमूर्ती, बोधिसत्त्वांच्या (बुद्धत्वाच्या मार्गावर असलेल्यांच्या) प्रतिमा, भित्तिचित्रे आणि वंदनेतील वस्तू यांतून बौद्ध विचार ज्या ठरलेल्या खुणांनी व्यक्त होतो, त्यांना बौद्ध कलेतील प्रतीके म्हणतात. मुंबई परिसरात ही प्रतीके साष्टी बेटावरील कान्हेरी, कोंडिविटे व मागाठाणे येथील लेण्यांत, नालासोपाऱ्याच्या स्तूपावशेषांत आणि शहरातील संग्रहालयांत आढळतात. डॉ. आंबेडकरांच्या १९५६ च्या धर्मांतरानंतर उभी राहिलेली विहारे आणि बौद्ध घरांतील मूर्तींची मांडणी हा त्यांचा आजचा विस्तार होय. या कलेत मूर्तीची ओळख चेहऱ्यावरून क्वचितच पटते. शांत, अर्धोन्मीलित डोळ्यांचा चेहरा सर्वत्र जवळपास सारखाच असतो. वेगळेपण असते ते हातांच्या ठेवणीत, आसनात, मुकुटात आणि भोवतीच्या परिवारात.

सुरुवातीच्या शतकांत बुद्धाची मानवरूप मूर्ती घडवली जात नव्हती. पिंपळ म्हणजे बोधी (ज्ञानप्राप्ती), चक्र म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन, स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण (बुद्धाचे देहावसान), तर रिकामे आसन, छत्र आणि पावलांचे ठसे म्हणजे बुद्धाचे सान्निध्य, अशी ही खुणांची भाषा होती. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील कोरीव लेख असलेल्या कान्हेरीच्या ३ क्रमांकाच्या चैत्यगृहात (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात) ती अजून वाचता येते. आतल्या काही खांबांच्या शीर्षांवर हत्ती सोंडेने स्तूपावर किंवा बोधिवृक्षावर पाणी घालताना कोरले आहेत. पूजेचा हा प्रसंग असूनही ज्याची पूजा चालली आहे त्याची मूर्ती तेथे नाही. शिल्पकाराच्या दृष्टीने झाड आणि स्तूप पुरेसे होते.

स्तूपाचा प्रत्येक भागही अर्थपूर्ण मानला जातो. खालचा चौथरा म्हणजे मेधी, त्यावरील घुमट म्हणजे अंड, घुमटावरची चौकोनी हर्मिका आणि तिच्यातून वर गेलेली यष्टी (काठी) व छत्रे अशी त्याची रचना असते. छत्र हे मुळात राजचिन्ह असल्याने ते स्तूपातील अस्थींवर धरणे म्हणजे बुद्धाला चक्रवर्तीचा मान देणे होय. अंधेरी पूर्वेतील कोंडिविटे येथील ९ क्रमांकाच्या लेण्यात स्तूप एका गोल खोलीत आहे आणि तिच्या दर्शनी भिंतीत दगडी जाळ्या कोरल्या आहेत. गवताने शाकारलेल्या गोल झोपडीची ती दगडी आठवण असावी. याच लेण्याच्या भिंतीवर पुढच्या काळात बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, त्यामुळे खुणेचा काळ आणि मूर्तीचा काळ तेथे शेजारी शेजारी पाहता येतात. स्थानिक व्यवहारात मात्र या जागेला नाव महाकालीचे पडले आहे.

मानवरूप मूर्तीत महापुरुषाची लक्षणे दाखवण्याची प्रथा आहे. डोक्यावरचा उंचवटा (उष्णीष) प्रज्ञेचा, भुवयांमधील ऊर्णा दिव्यदृष्टीची, आणि लांबलेल्या कानाच्या पाळ्या टाकून दिलेल्या राजअलंकारांच्या स्मरणाच्या, असा त्यांचा सामान्य अर्थ लावला जातो. मूर्ती वाचताना मात्र लक्षणांपेक्षा मुद्रा, म्हणजे हातांच्या ठेवणी, अधिक उपयोगी पडतात. उजवा तळवा समोर करून उचललेला हात अभय देतो आणि खाली सोडलेला उघडा तळवा वरदान देतो. मांडीवर एकावर एक ठेवलेले तळवे ध्यानाचे असतात. उजव्या हाताची बोटे भूमीला टेकलेली असली, तर तो मारविजयाचा क्षण होय: आपल्या अधिकाराला साक्षीदार कोण, असे मोह घालणारा मार विचारतो आणि गौतम पृथ्वीलाच साक्ष ठेवतो. छातीशी दोन्ही हातांची बोटे एकमेकांना जुळलेली दिसली की ती धर्मचक्रप्रवर्तन मुद्रा. तिच्याखाली चक्र आणि दोन हरणे असल्यास स्थळ सारनाथचे मृगदाव. उजव्या कुशीवर पहुडलेला बुद्ध झोपलेला नसून महापरिनिर्वाणाच्या वेळचा आहे, हे पाहणाऱ्यांना अनेकदा सांगावे लागते.

कान्हेरीच्या ३ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे, वरदमुद्रेतील दोन उभे बुद्ध आहेत. ते चैत्यगृहापेक्षा बरेच नंतरचे, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे मानले जातात. दर्शनी भिंतीवरील स्त्रीपुरुषांच्या जोड्या दाता दांपत्यांच्या समजल्या जातात. त्यांचे अलंकार, शिरोभूषणे आणि डौल पाहता हे लोक भिक्षू नसून भिक्षूंना पोसणारे गृहस्थ आहेत हे स्पष्ट होते. कान्हेरीच्या लेखांत कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत, आणि या बंदरांशी असलेला संबंध पुढच्या काळातील प्रतिमा समजून घेताना लक्षात ठेवावा लागतो.

या प्रतिमांतील सर्वांत बोलकी म्हणजे ९० क्रमांकाच्या लेण्यातील अवलोकितेश्वराची. हाती कमळ घेऊन उभ्या असलेल्या या बोधिसत्त्वाच्या दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. हत्ती, सिंह, साप, आग, चोर, बेडी, पिशाच आणि बुडते जहाज ही परंपरेने सांगितलेली आठ महाभये होत. संकटग्रस्त मनुष्य हात जोडतो आणि बोधिसत्त्व धावून येतो, असा प्रत्येक प्रसंगाचा आशय आहे. अजिंठा, वेरूळ व औरंगाबाद येथेही हा विषय आढळतो. परंतु कोकण किनाऱ्यावर, जेथे दान देणाऱ्याचे गलबत खरोखरच खोल समुद्रात असे, तेथे बुडत्या जहाजाची चौकट तत्त्वज्ञानापेक्षा रोजच्या काळजीची अधिक असली पाहिजे. ४१ क्रमांकाच्या लेण्यात हाच बोधिसत्त्व अकरा मस्तकांचा आणि चार हातांचा दाखवला आहे. भारतातील लेणी-शिल्पांत हे रूप अत्यंत दुर्मिळ आहे. सर्व दिशांना पाहणारी करुणा असा त्याचा अर्थ दिला जातो, तर जगाचे दुःख पाहून त्याचे मस्तक शतखंड झाले अशी कथा पुढे तिबेटी परंपरेत रूढ झाली.

कान्हेरीत वारंवार येणारी आणखी एक रचना म्हणजे कमळावर पाय सोडून बसलेला, उपदेश करणारा बुद्ध. कमळाचा देठ खाली दोन नाग धरतात आणि बाजूला चामरे घेतलेले बोधिसत्त्व असतात. अभ्यासक ती श्रावस्तीच्या चमत्काराशी, म्हणजे बुद्धाने एकाच वेळी अनेक रूपे दाखवल्याच्या कथेशी, जोडतात. चिखलात उगवून न माखणारे कमळ हे शुद्धतेचे प्रतीक असल्याचे सर्वांना ठाऊक असते, परंतु येथे देठालाही महत्त्व आहे: पाताळातील नाग, पाण्यावरचे कमळ आणि वरचा बुद्ध असे उभे विश्व त्या एका देठाने बांधले जाते. ३४ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर बुद्धाचे अपुरे राहिलेले रंगकाम आहे. ते फिकट असले, तरी या लेण्यांना एके काळी रंग होता हे आठवून देण्यास पुरेसे आहे.

नालासोपारा येथे बुरुड राजाचा कोट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले, तेव्हा स्तूपाच्या पोटात दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक मिळाले. बाहेर तांबे, आत चांदी, मग दगड, स्फटिक आणि अगदी शेवटी सोने. सोन्याच्या करंडकात मात्र मातीच्या भांड्याचे लहान तुकडे होते, जे बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. धातूंची ही चढती मांडणी एका मातीच्या खापराभोवती रचलेली आहे, ही गोष्ट कोणत्याही भाष्यापेक्षा बोलकी आहे. तांब्याच्या करंडकाभोवती आठ लहान धातुमूर्ती मांडलेल्या होत्या: विपश्यी, शिखी, विश्वभू, ककुसंध, कनकमुनी, कश्यप आणि गौतम हे सात मानुषी (मानवरूपात होऊन गेलेले) बुद्ध, आणि आठवा भावी बुद्ध मैत्रेय. मैत्रेय अजून बोधिसत्त्व असल्याने तो अलंकारांसह असतो, तर बाकी सातांच्या अंगावर केवळ चीवर (भिक्षूचे वस्त्र) असते. या मूर्ती मूळ स्तूपापेक्षा काही शतकांनी नंतरच्या आहेत. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपाच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि नेपाळ-तिबेटकडील धातुमूर्ती आहेत. तिथल्या अनेक हातांच्या वज्रयानी (तांत्रिक बौद्ध पंथातील) देवतांची भाषा मात्र कान्हेरीहून बरीच वेगळी असल्याने येथे तिचा विस्तार केलेला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतल्यानंतर जुन्या खुणांना नवे अर्थ जोडले गेले. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतील एक प्रतिज्ञा असल्याने मूर्तीसमोर मेणबत्ती, धूप व फुले अर्पण केली, तरी ती वरदात्या देवाची आराधना ठरू नये असा आग्रह असतो. विझणारी ज्योत आणि कोमेजणारे फूल अनित्यतेची आठवण देतात, असे वंदनेतच म्हटलेले असते. दादरच्या चैत्यभूमीचे प्रवेशद्वार सांचीच्या तोरणाच्या धर्तीवर आहे आणि तिचा घुमट स्तूपाचा आहे. चाळीतील व वसाहतींतील घरांत बुद्धाच्या शेजारी निळ्या कोटातील, हाती संविधान घेतलेले आणि बोट उंचावलेले बाबासाहेब असतात. ते बोटही आता अभयमुद्रेइतकेच ठरीव आणि ओळखीचे झाले आहे. धम्मध्वजावरील निळा, पिवळा, लाल, पांढरा व मंजिष्ठ (नारिंगी) या पाच पट्ट्यांचा मिळून सहावा पट्टा होतो. बुद्धाच्या देहातून निघालेल्या प्रभेचे ते रंग मानले जातात.

बोरिवलीजवळ गोराई येथील २००९ मध्ये खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोडाचे बाह्यरूप म्यानमारच्या श्वेडगोन पॅगोडावर बेतलेले आहे. त्याच्या खांबविरहित दगडी घुमटाखाली सुमारे ८,००० साधक बसू शकतात, आणि बुद्धाच्या अस्थी घुमटाच्या मध्यभागी ठेवलेल्या आहेत. स्तूप सामान्यतः भरीव असतो व त्याभोवती प्रदक्षिणा घातली जाते. येथे आत बसून ध्यान केले जाते, हा परंपरेतील मोठा बदल आहे. वरळीच्या जपानी मंदिरात ढोलाच्या तालावर उच्चारला जाणारा मंत्र सद्धर्मपुंडरीक (पुंडरीक म्हणजे कमळ) सूत्राच्या नावाला वंदन करतो, म्हणजे कमळ तेथे मूर्तीइतकेच शब्दांतही आहे.

दुकानांत काउंटरवर ठेवलेला, पोट सुटलेला, हसरा ‘लाफिंग बुद्धा’ हा गौतम बुद्ध नव्हे. चीनमधील पुताई नावाच्या भिक्षूचे ते रूप असून त्याला मैत्रेयाचा अवतार समजतात. नालासोपाऱ्याच्या आठव्या मूर्तीतील मैत्रेय आणि हा पोटाळू झोळीवाला, अशी एकाच भावी बुद्धाची दोन टोके मुंबईच्या एकाच लोकलमार्गावर सापडतात.