नख्तच्या थडग्यातली रंगवलेली भिंत

इजिप्तमधल्या लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, शेख अब्द अल-कुर्ना ही थडग्यांची टेकडी आहे. तिथलं 52 क्रमांकाचं थडगं नख्तचं. इ.स.पू. 1400च्या सुमारास तो आमुन देवाच्या सेवेत होता. ताऱ्यांवरून रात्रीचे प्रहर ओळखून पूजेची वेळ सांगायची, हे त्याचं काम. चित्रं एकाच अरुंद खोलीत आहेत, पण द्राक्षं तुडवणारे मजूर आणि हार्प वाजवणारा आंधळा गवई पाहताना नजर हटत नाही.

या टेकडीचा दगड बऱ्याच ठिकाणी ठिसूळ. त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून मातीत भुसा कालवून भिंत लिंपायची आणि वर पांढऱ्या गिलाव्याचा पातळ हात द्यायचा. मग लाल रंगात बुडवलेलं सूत ताणून भिंतीवर मारायचं, की सरळ रेघ उमटते. अशा रेघांची चौकट आखली, तर उभा माणूस तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत 18 घरांत बसवत.

रंग चढतो तो वाळलेल्या गिलाव्यावर, डिंक किंवा सरसात कालवून. अजिंठ्याची चित्रंही अशीच, मातीच्या लिंपणावर कोरड्यात रंगवलेली. लाल-पिवळ्यासाठी गेरू आणि पिवळी माती, काळ्यासाठी काजळी, झळाळत्या पिवळ्यासाठी हरताळ हे खनिज. निळा मात्र भट्टीत बनवावा लागे: वाळू, चुनखडी, तांबं आणि थोडा क्षार 850 ते 1000 अंश सेल्सिअसला बराच वेळ भाजायचा. जाडसर दळला तर गडद, बारीक दळला तर फिका. जाड कणांना डिंक पुरला नाही, की निळा आधी झडतो. पण त्याचा एक गुण फार मोलाचा. साध्या प्रकाशात ठेवला तरी तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडतो; योग्य कॅमेऱ्याला नजरेला न दिसणारे त्याचे अंशही चकाकताना दिसतात.

मासेमारीच्या दृश्यात नख्तचे हात उगारलेले आहेत, पण भाला रंगवायचा राहूनच गेला. आमुनचं नाव, त्या देवाची पूजा बंद पाडणाऱ्या फारो (राजा) अखेनातेनच्या काळात, ठिकठिकाणी खरवडलं गेलं.

डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून ही चित्रं ओल्या फडक्याने पुसणं म्हणजे रंगच पुसणं. पाहणाऱ्यांच्या श्वासाची आणि घामाची वाफही घातक. दगडातले क्षार ओलाव्यात विरघळतात, हवा कोरडी झाली की गिलाव्यामागे त्यांचे स्फटिक होतात आणि पापुद्रा फुगून सुटतो. आता चित्रांपुढे काच आहे. तिने हात लांब राहतात, पण खोलीतली दमट हवा बाहेर काढायचं काम वेगळंच करावं लागतं.