लाईट आली की बंद पडणारा बोर्ड : पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की लाईटचा भरवसा धरू नये. म्हणून घरात सेलवर चालणाऱ्या वस्तू फार. आमच्या टाकीतलं पाणी दाखवणारा वाय-फायचा बोर्ड पुतण्यानं जोडून दिलेला. तो बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. लाईट गेली की हा बोर्ड चार पेन्सिल सेलवर रात्रभर चालायचा, आणि लाईट येऊन यूएसबी चार्जर सुरू झाला की रीसेट व्हायचा, म्हणजे बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू. वीज नसताना चालू, वीज आली की बंद!

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओला हा त्रास नव्हता. त्यालाही चारच सेल, 6 व्होल्ट, आणि बाजूला एलिमिनेटरची (सेलऐवजी भिंतीतल्या विजेवर रेडिओ चालवणाऱ्या डबीची) पिन घालायचं भोक. ते सॉकेट सोडवून पाहिलं तर त्याला दोन नव्हे, तीन पाय असत. पिन आत गेली की पितळेची पट्टी उचलली जाई आणि सेलची वाट तुटे. दोन पुरवठे एकमेकांना भिडतच नसत. आठ-बारा आण्यांची ती पट्टी, पण विचार पक्का होता.

1996 मध्ये यूएसबी आलं ते मुळात कीबोर्ड, माऊस, प्रिंटर जोडायला. वीज ही सोबतची सोय. न विचारता 100 मिलीअँपिअर, विचारून 500. व्होल्टेज बोलायला 5, पण मुख्य पोर्टवर 4.75 ते 5.25 चाले, आणि हबच्या (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीच्या) पलीकडे कमी वीज घेणाऱ्या उपकरणापाशी 4.40 पर्यंत उतरलेलंही नियमात बसे. चार तारा, आणि सेल तोडणारी पट्टी कुठेच नाही.

पुढे मोबाईल त्यावर चार्ज होऊ लागले. 2010 च्या चार्जिंगच्या नियमांत दीड अँपिअरची सोय झाली, 2014 ला टाईप-सी आलं, आणि लोक यूएसबीला भिंतीतला प्लगच समजू लागले. दोन पुरवठे वेगळे ठेवायचं काम मात्र बोर्ड जोडणाऱ्याच्या गळ्यात पडलं. कुणी डायोड घालतं (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा), कुणी मॉस्फेट (पट्टी न हलवता चालणारा स्विच), कुणी रिले (विजेनं पट्टी हलवणारा स्विच). कुणी काहीच घालत नाही. लिथियम सेलच्या चार्जरवरच थेट लोड, म्हणजे वीज खाणारं उपकरण, जोडणारे तर पुष्कळ. मग सेल भरला तरी चार्जरला करंट उतरलेला दिसत नाही आणि त्याचं चार्जिंग संपतच नाही.

पुतण्यानं रिले घातला होता, म्हणजे त्या पितळी पट्टीचीच नवी आवृत्ती. वर यूएसबीच्या वाटेत एक साधा सिलिकॉन डायोडही. मी व्होल्टेजबद्दल विचारलं तर म्हणाला, "काका, यूएसबी म्हणजे 5 व्होल्टच की!"

मीटर घेऊन बसलो. चार्जरपाशी 5. टाकीपर्यंतची केबल तीन मीटर, आतली तार 28 गेजची, म्हणजे बारीक. जाण्या-येण्याचा मिळून रोध सव्वा ओहमच्या आसपास. वाय-फाय बोलू लागलं की 300 मिलीअँपिअर, म्हणजे केबलीतच जवळपास 0.4 व्होल्ट गेले. डायोडनं आणखी 0.7 खाल्ले. उरले 3.9. चिपला ठरलेलं व्होल्टेज देणाऱ्या रेग्युलेटरला 3.3 द्यायचे तर वर साधारण 1.1 शिल्लक हवेत, म्हणजे 4.4. चिपला मिळत होते 2.8. सेलचे 6 सोडून बोर्ड या 3.9 वर येत होता, मग आणखी काय होणार? वाय-फाय गप्प असताना मोजलं तर हे काहीच दिसत नाही. लोड असतानाच मोजावं लागतं.

रिले असताना डायोडची गरजच नव्हती. तो काढला, आकडा 4.6 वर गेला. तरी दहातून एखाद्या वेळी रीसेट होईच. त्याचं कारण मीटर दाखवू शकत नाही: रिलेची पट्टी एका बाजूकडून दुसरीकडे जाते तेव्हा काही मिलिसेकंद बोर्डाला कुणाचाच आधार नसतो. रिलेच्या पुढे, बोर्डाच्या बाजूला 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभर पुरेल एवढी वीज साठवणारा) लावला. तो यूएसबीच्या तोंडाशी लावला असता तर फसलो असतो. यूएसबीचा नियम उपकरणाच्या तोंडाशी 10 मायक्रोफॅरडपर्यंतच परवानगी देतो, कारण रिकामा मोठा कपॅसिटर जोडताक्षणी पोर्टच खाली ओढतो. आमचा मात्र सेलवर आधीच भरलेला असतो.

आता लाईट आली की रिलेची टिक ऐकू येते, टाकीचा आकडा जिथल्या तिथे. राउटरची बॅकअप पेटी अजून तोच खेळ करते. ती विकतची आहे, उघडली नाही.