घोडीच्या पिशवीची दोन इंजेक्शनं: ऑक्सिटोसिन कुठलं, प्रोस्टाग्लँडिन कुठलं?

"मागच्या बारीला दिलतं तेच पिशवीचं इंजेक्शन द्या की, डॉक्टर." घोडीवाल्याचा फोन आला की हे वाक्य ठरलेलं. लोहा-कंधारकडे तेच, उदगीरकडेही तेच. मागच्या बारीला म्हणजे कधी, असं विचारलं तर कुणी सांगतं घोडी व्याली तेव्हा, कुणी सांगतं माजावर येत नव्हती तेव्हा. ही दोन औषधं वेगळी आहेत. पहिलं ऑक्सिटोसिन, दुसरं प्रोस्टाग्लँडिन. दोन्हींनी पिशवी, म्हणजे गर्भाशय, आवळते आणि दोन्ही दिसायला पाण्यासारखी, त्यामुळे गल्लत होणारच.

ऑक्सिटोसिन गावाला जास्त ओळखीचं, आणि तितकंच बदनाम. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचतात ते हेच. या गैरवापरामुळे केंद्र सरकारनं 2018 मध्ये खासगी कंपन्यांना ते बनवायला बंदी घातली होती. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात ती रद्द केली. औषध म्हणून मात्र ते वाईट नाही. मुळात ते शरीराचंच आहे. मेंदूत तयार होतं आणि शिंगरू कासेला लागलं की रक्तात सुटतं. त्याचं काम थेट स्नायूवर: कासेत दूध उतरतं, पिशवीत कळा येतात. शिरेतून दिलं तर मिनिटा-दोन मिनिटांत पिशवी आवळू लागते आणि तासाभरात जोर ओसरतो.

प्रोस्टाग्लँडिनचा खरा डोळा बीजांडावर, म्हणजे अंडाशयावर असतो. अंडं सुटलं की त्या जागी एक पिवळसर गाठ धरते. ती प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडते, आणि त्याच्या बळावर पिशवी शांत राहते, गर्भ टिकतो. घोडी फळली नाही तर अंडं सुटल्यापासून दोन आठवड्यांनी पिशवी स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडते, गाठ विरते आणि घोडी पुन्हा माजावर येते. घोडीचं सुमारे 21 दिवसांचं चक्र यावरच चालतं. इंजेक्शन हेच काम आधी उरकतं, पण गाठ पाच दिवसांची झालेली असेल तरच खात्रीनं. कोवळी गाठ एका सुईला सहसा दाद देत नाही. गाठ विरली की तीन ते पाच दिवसांत माज दिसतो. पिशवी आवळणं हे या औषधाचं जोडकाम. ती कळ ऑक्सिटोसिनच्या कळेहून सौम्य असते, पण काही तास टिकते.

म्हणून ऑक्सिटोसिन द्यायचं असेल तर मी विचारतो, किती वाजता काय झालं? प्रोस्टाग्लँडिनसाठी विचारतो, आज कितवा दिवस? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर सुई पिशवीतच ठेवतो. (माझ्या पिशवीत, घोडीच्या नव्हे.)

वेळेचा हिशेब सगळ्यात जास्त चुकतो तो जार, म्हणजे वार, पडण्याच्या बाबतीत. आपल्याकडे देवणी, लाल कंधारी सांभाळलेली माणसं. गाईचा जार पडायला अर्धा दिवस लागला तरी घरात कुणी घाबरत नाही. घोडीला तो नियम लावू नका. व्याल्यावर तीन तासांत जार पडला नाही तर तो अडकला असं धरायचं. पुढं पिशवीत विष होतं, ताप येतो, खुरांना सूज धरून घोडी कायमची लंगडी होऊ शकते. इथं औषध ऑक्सिटोसिनच, 10 ते 20 युनिट, लागेल तसं पुन्हा. जास्त दिलं की लवकर पडेल हा भ्रम आहे. मोठ्या डोसानं पिशवी लयीत आवळण्याऐवजी गच्च धरून बसते आणि घोडी पोटदुखीनं लोळते. लोंबणारा जार ओढू नका. पायाखाली येऊ नये म्हणून वर गाठ मारून ठेवा. पडला की फेकू नका, जमिनीवर पसरा. पायजम्यासारखा आकार दिसतो. ज्या पायात शिंगरू नव्हतं, त्याचं टोक तपासा. तुकडा आत राहतो तो बहुतेक वेळा तिथलाच.

दोन्ही औषधं एकाच कामाला लागतात अशी एक जागा आहे. घोडा लावल्यावर प्रत्येक घोडीच्या पिशवीत थोडी सूज येते, पाणी साचतं. तरुण घोडी दोनेक दिवसांत ते बाहेर टाकते. वय झालेल्या, पाच-सात वेत झालेल्या घोडीची पिशवी पोटात खाली लोंबते आणि पाणी तसंच राहतं. गर्भ सहाव्या दिवसाच्या आसपास नळीतून पिशवीत उतरतो, तोवर पिशवी स्वच्छ हवी. घोडा लावल्यावर चार तासांनी बीज वर पोचलेलं असतं, तेव्हापासून ऑक्सिटोसिन निर्धास्त चालतं. प्रोस्टाग्लँडिन जास्त वेळ आवळतं म्हणून मोहात पाडतं, पण अंडं सुटून दोन दिवस झाल्यावर दिलं तर नव्या गाठीचं प्रोजेस्टेरॉन घटतं. पाणी काढायला गेलो आणि गर्भच गेला, असं होतं.

मला खरी भीती मार्गशीर्षातल्या माळेगावच्या यात्रेनंतर वाटते. खंडोबाच्या बाजारात घोडी घेतली जाते, विकणारा म्हणतो "खाली आहे", आणि महिन्याभरात नवा मालक माजावर आणायचं इंजेक्शन मागतो. घोडी गाभण असेल तर त्या एका सुईनं गाठ विरते आणि गर्भ पडतो. 35 दिवसांच्या पुढं गाडी आणखी अडते. तोवर पिशवीत गर्भानं कपासारख्या ग्रंथी रुजवलेल्या असतात. गर्भ गेला तरी त्या संप्रेरक सोडत राहतात, आणि घोडी कित्येक महिने नीट माजावर येत नाही. हंगामच वाया. आधी सोनोग्राफी करा; 15व्या-16व्या दिवशी गर्भ दिसतो.

एक गंमत सांगतो. काही घोड्या माजात फार चिडतात, आणि वरातीत चालणारी घोडी तशी झाली तर नवरदेवाचं काही खरं नाही. अशा घोडीला अंडं सुटल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज 60 युनिट ऑक्सिटोसिन दिलं तर बऱ्याच जणींची गाठ विरतच नाही, माज महिनाभर तरी लांबतो. म्हणजे एक औषध गाठ मोडतं, दुसरं तीच गाठ जपतं. दोन्हींना "पिशवीचं" म्हणणाऱ्याला हे ऐकून घाम फुटतो.

खरा घाम मात्र प्रोस्टाग्लँडिननं घोडीलाच फुटतो. पाव तासात अंग ओलं, पातळ शेण, पोटाकडं वळून बघणं. तासाभरात उतरतं, पण आधी सांगितलं नसेल तर मालक हादरतो. क्लोप्रोस्टेनॉल हा प्रकार त्यातल्या त्यात सोसतो. गाईला 500 मायक्रोग्रॅम लागतं, घोडीला 250 पुरतं. गाईत अंगचं प्रोस्टाग्लँडिन पिशवीतून शेजारच्या बीजांडाला जवळच्या वाटेनं पोचतं. घोडीत सगळ्या रक्तातून फिरून जातं, म्हणून तिची गाठ थोड्यालाही हलते. एवढं जनावर, डोस गाईच्या निम्मा, हे पटवायला वेळ लागतो.

आणि बाटली पत्र्याच्या फटीत खोचून ठेवायची सवय सोडा. प्रोस्टाग्लँडिन कातडीतूनही आत शिरतं. दमा असलेल्यानं किंवा गरोदर बाईनं त्याला हात लावायचा नाही, आणि गोठा झाडायला सकाळी कोण येतं ते तुम्हाला माहीत आहेच.