हजारपती म्हणजे वजीर नव्हे!

प्राचीन इराणच्या दरबाराबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की हजारपती म्हणजे राजाचा मुख्य वजीर, सगळा कारभार त्याच्याच हातात. अहो, नाही! शब्द जरा नीट बघा ना, हजार म्हणजे आपला सहस्रच आणि पती सेनापतीतला, म्हणजे एक हजार सैनिकांचा प्रमुख, ग्रीक लोकांनी पण त्याला त्याच अर्थाचं नाव दिलं, खिलिआर्क. राजाच्या पहाऱ्यावरचा माणूस, त्यामुळे वजन होतंच, पण पहारा वेगळा आणि राज्याचा हिशोब वेगळा.

हिशोब कोण बघायचं, ते पर्सेपोलिसच्या, म्हणजे त्या राजांच्या राजधानीतल्या, मातीच्या पाट्यांवर आहे. १९३३-३४ मध्ये हजारोंनी सापडल्या, बहुतेक एलामी या तिथल्या जुन्या भाषेत, आणि मला तर त्या कुठल्याही दरबारी किश्श्यापेक्षा जास्त आवडतात. दारयवहू राजाच्या (पहिला डॅरियस) काळात तिथला कारभार पर्नाकाकडे होता, धान्य, दारू, मेंढ्या कुणाला किती द्यायच्या ते त्याच्या हुकमाने ठरायचं, त्याचा स्वतःचा रोजचा शिधाच २ मेंढ्या आणि सुमारे ९० लिटर दारू! अर्थात एवढं सगळं तो एकटा थोडीच पिणार, पदरची माणसं पण असणार. आणि वजिराचं पद जे आपल्याला माहितीये ते अब्बासी खलिफांच्या काळातलं, म्हणजे हजारेक वर्षांनंतरचं.