आम्हाला फोन करायच्या आधी एवढं बघून घ्या

नमस्कार मंडळी,

कंप्युटर बिघडला म्हणून आमच्याकडं जे फोन येतात त्यातल्या बऱ्याच वेळी मशीनला काहीच झालेलं नसतं, कुठलं तरी सेटिंग हललेलं असतं, आणि तेवढ्यासाठी आमचा माणूस विश्रामबागेतनं मार्केट यार्डात पोचेपर्यंत तुमचं अर्ध्या दिवसाचं काम अडकून पडतं. म्हणून सांगलीतल्या आपल्या सगळ्या ग्राहकांसाठी हे लिहिलंय, कंप्युटरशेजारी भिंतीला चिकटवून ठेवा.

सुरुवात एक्सेलपासनं करतो, कारण तिथं नुकसान होतं आणि लवकर कळत पण नाही. हळदीच्या अडतीवरचे एक ग्राहक शेतकऱ्यांचे खाते नंबर एक्सेलमध्ये टाकत होते, पैसे बँकेतनं पाठवायचे होते, आणि काही जणांचं पेमेंट सारखं परत यायचं. बघितलं तर १६ आकडी खाते नंबरचा शेवटचा आकडा सगळीकडं शून्य झालेला. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच धरतं, त्याच्या पुढचे शून्य करून टाकतं, विचारत पण नाही. तसंच नंबरच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते उडतं, आणि आधार नंबर टाकला तर मधेच ई आणि प्लस दिसायला लागतं. आधारचे आकडे आत शाबूत असतात, फक्त दिसायला विचित्र दिसतात, पण १६ आकडीचं तसं नाही, गेलेला आकडा नंतर फॉरमॅट बदलून परत येत नाही. त्यामुळं टाइप करायच्या आधी तो अख्खा कॉलम सिलेक्ट करा, राइट क्लिक, फॉरमॅट सेल्स, टेक्स्ट, आणि मगच नंबर टाका. एखाददुसराच नंबर असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह टाकलं तरी चालतं, ते सेलमध्ये दिसत नाही.

दुसरा घोळ तारखेचा. नव्या मशीनवर बऱ्याचदा रीजन, म्हणजे तारखा-आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीनं धरायचे ते सेटिंग, अमेरिकेचा राहून गेलेला असतो. मग तुम्ही ०५/०३ टाकता ५ मार्च म्हणून, आणि मशीन ते ३ मे धरतं. २५/०३ टाकलं तर पंचविसावा महिनाच नसतो, म्हणून ती तारीख न धरता नुसता मजकूर म्हणून सेलच्या डाव्या बाजूला चिकटते. ओळखायची खूण हीच, उजवीकडं असली तर मशीननं ती तारीख म्हणून धरलीय (दिवस-महिना उलटा झालाय का ते मात्र बघा), डावीकडं गेली तर काहीतरी चुकलंय. जीएसटीच्या वेळी बिलं भलत्याच महिन्यात दिसायला लागली तर आधी हे तपासा. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग रीजन, आणि रीजनल फॉरमॅट इंग्लिश इंडिया करा, एक्सेल बंद करून परत उघडा. ह्याचा आणखी एक फायदा म्हणजे स्वल्पविराम पण आपल्या पद्धतीनं लाखाला पडतात, १,००,००० असे. पण जुन्या चुकलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत बरं का, त्या हातानंच बघाव्या लागतात.

आता मराठी टायपिंग, ह्याबद्दल आम्ही प्रत्येक सोसायटीला आणि पतसंस्थेला सांगत असतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये आत इंग्लिश अक्षरंच असतात, फक्त त्यांना मराठी रूप दिलेलं असतं, त्यामुळं तीच नोटीस दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर नुसता कचरा दिसते. सर्च पण होत नाही, व्हॉट्सॅपवर कॉपी पण होत नाही. नवीन पत्रं तरी युनिकोडमध्येच करा, त्यात आत खरी मराठी अक्षरंच असतात. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड फुकट आहे, भाषेत मराठी अॅड करायची, तिच्या ऑप्शन्समध्ये जाऊन तो कीबोर्ड घ्यायचा, आणि मग विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की इंग्लिश-मराठी बदलतं. इंग्लिश अक्षरांनी सांगली लिहिलं की देवनागरीत उमटतं. पहिले चार-पाच दिवस हात अडखळेल, पण सोडू नका. जुनी ठरावाची पत्रं बदलून घ्यायची असतील तर कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्याखालनं घालाच.

लाइट गेली आणि दोन तासांचं टायपिंग उडालं, हे तर रोजचंच. फाइल उघडली की पहिल्यांदा नाव देऊन सेव्ह करा, मग कंट्रोल आणि एस ची सवय. वर्ड, एक्सेलमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं ऑटोरिकव्हर (मधनंमधनं आपोआप प्रत साठवणं) १० मिनिटांवर असतं, ते २ करा. ऑटोसेव्हचं वरचं बटण फक्त वनड्राइव्हवरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेत ठेवलेल्या फाइलला चालतं, आपल्या डी ड्राइव्हच्या फाइलला नाही, हे लोकांना माहीतच नसतं. फाइल सेव्ह न करता बंद झाली असेल तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट (एक्सेलमध्ये मॅनेज वर्कबुक) इथं रिकव्हर अनसेव्हड आहे, नशीब असेल तर तिथं सापडते.

मशीन स्लो वाटलं तर शट डाउन करून चालू करू नका, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअपमुळं शट डाउनमध्ये विंडोजचा काही भाग तसाच साठवून ठेवलेला असतो, रीस्टार्टला मात्र सगळं नव्यानं चालू होतं. प्रिंट भलत्याच प्रिंटरवर जात असेल तर प्रिंटरच्या सेटिंग्जमध्ये विंडोजला डिफॉल्ट प्रिंटर ठरवू देण्याचं बटण बंद करा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, मशीन चालत राहील, पण सुरक्षेचे अपडेट नेहमीसारखे येत नाहीत, त्यामुळं बँकेची कामं त्याच्यावर करत असाल तर एकदा आणून दाखवा, ११ चढतंय का ते बघून सांगतो.

आणि शेवटचं, बॅकअप. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय ना? बऱ्याच जणांचा सीपीयू टेबलाखाली आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात, दोन्ही एकदम पाण्यात. आठवड्यातनं एकदा हिशेबाची फाइल डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुकानात ठेवू नका, घरी वरच्या मजल्यावर न्या. सीपीयू जमिनीवरनं उचलून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि मशीन भिजलंच तर वाळवून चालू करून बघायचा मोह आवरा, डिस्कमध्ये गाळ असताना करंट दिला की जे वाचणार असतं ते पण जातं. तशीच, न उघडता आमच्याकडं घेऊन या.